चूक वरच्या ओळीत असते

बाईंच्या टायपिंग क्लासात शेव खाऊन यायला बंदी होती. उज्जैनमध्ये असला नियम करायला छाती लागते. तिथे माणूस सकाळी पोह्यांवर शेव घालतो, दुपारी वरणावर घालतो, आणि काहीच नसलं तर तळहातावर घेऊन खातो. बाईंच्या दाराशी पाण्याची बादली, साबणाची वडी आणि एक पंचा ठेवलेला असे. मुलगी आली की बाई तिचा हात धरून बोटं नाकाशी नेत. वास आला तर म्हणत, "धो के आ. मशीन को तेल मैं दूँगी, तू नहीं."

माझ्याही बोटांचा वास त्यांनी पहिल्या दिवशी घेतला होता, आणि मी तर शिकवायला आले होते.

वडिलांची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही साताऱ्याहून उज्जैनला आलो आणि नानाखेड्याच्या एका नव्या कॉलनीत राहिलो. मी एम.ए. होऊन घरी बसले होते. फ्रीगंजात एका कापडदुकानाच्या वर 'हिंदी-अंग्रेजी टायपिंग' अशी पाटी दिसली म्हणून जिना चढले, आणि पुढची तीन वर्षं तिथे इंग्रजी टायपिंग शिकवलं. खालचा दुकानदार भैरवगढच्या छापाच्या चादरी विकायचा. नवे गठ्ठे आले की रंगाचा वास जिन्यातून वर यायचा आणि बाई सगळ्या खिडक्या उघडायच्या.

बाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. उंच, हडकुळ्या, एकट्या. लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला. पर्समध्ये कंगवा नसायचा, पण स्क्रू काढायचे दोन पेचकस आणि एक चिमटा कायम. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या कचेरीत कारकुनीला आले ते इथलेच झाले. त्यांची मराठीही इथली झाली होती. "तू काय करून राहिली?" असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मला हसू आलं. बाईंनी ते बरोबर टिपलं.

"हसू नको," त्या म्हणाल्या. "तुमची मराठी रेल्वेत बसून आली. आमची घोड्यावरून आली. येताना थोडी सांडली असेल."

टाइपरायटरच्या मेकॅनिकला त्या वर येऊ देत नसत. तो बिचारा वर्षातून एकदा जिन्याखालून हाक मारायचा आणि बाई वरूनच सांगायच्या, "सब चंगा है." बिघडलेलं मशीन त्या जुन्या चादरीवर उलटं ठेवत, सगळे स्क्रू काढलेल्या क्रमानं ओळीत मांडत आणि आम्हाला बघायला बसवत. मुलींनी मशीन उघडलेलं पाहिलंच पाहिजे, असा आग्रह. "ज्या चीजेचं पोट उघडून बघता येत नाही, ती मी शिकवत नाही," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की माझ्या तोंडूनही निघू लागलं.

या वाक्यानंच पुढे सगळा गोंधळ घातला.

ते दिवस असे होते की फ्रीगंजात दर महिन्याला एखादी पाटी बदलायची. टेलीफोनचे बूथ आले, परदेशी कोल्ड्रिंकच्या पेट्या आल्या. आमच्या समोरच एक कॉम्प्युटर सेंटर उघडलं. काचेचं दार, आत गारेगार. चालवणारा तिशीचा तरुण मे महिन्यातही टाय लावायचा. बाई त्याला 'टायवाला' म्हणत. आमच्या मुली खिडकीतून तिकडे बघू लागल्या, तेव्हा बाई एक दिवस मला म्हणाल्या, "चल, बघून येऊ. न बघता नावं ठेवणं बरं नाही."

दाराशी पाटी होती, चपला बाहेर काढा. बाई चपला घालूनच आत शिरल्या. टायवाला धावत आला.

"मैडम, चप्पल."

"क्यों? यहाँ कौन-से भगवान बैठे हैं?"

"धूल जाती है, मैडम. मशीन नाजुक है."

"तो मशीन को ढँको," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

त्यानं त्यांना हिंदी टायपिंगचं एक पॅकेज दाखवलं. बाईंनी बोटं ठेवली आणि पहिल्याच शब्दाला थांबल्या. टाइपरायटरवर जिथे 'क' तिथे इथे भलतंच अक्षर. कंपनीनं आपली वेगळीच मांडणी केली होती.

"इसको खोलो," बाई म्हणाल्या.

त्याला वाटलं, डबा. त्यानं सीपीयूचं झाकण काढून दाखवलं. बाई म्हणाल्या, हे नाही, हा प्रोग्रॅम उघड. कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर, हे कुठेतरी लिहिलं असेल ना. तो हसला. मशीनच्या पाठीमागे एक काळी डबी खोचलेली होती, ती दाखवून म्हणाला, याशिवाय पॅकेज सुरूसुद्धा होत नाही. ताला आहे, ताला. आत काय आहे ते तर मलाही माहीत नाही.

"तुम्हें भी नहीं पता," बाई सावकाश म्हणाल्या, "और तुम सिखाते हो."

परत आल्यावर त्यांनी एक धडधाकट टाइपरायटर चादरीवर उलटा घेतला आणि दुपारभर पुसत बसल्या.

माझा मावसभाऊ इंदूरला एका कॉलेजात शिकवायचा. तो घरी आला असताना मी हा किस्सा हसत हसत सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, "उघडता येतात असेही प्रोग्रॅम असतात. तुझ्या बाईंना लिनक्स म्हणून सांग." पुढच्या खेपेला त्यानं एका मासिकाबरोबर आलेल्या लिनक्सच्या दोन सीड्या आणि काही फ्लॉप्या पाठवल्या. फ्लॉप्यांवर देवनागरी लिहिण्याच्या एका छोट्या प्रोग्रॅमचा सोर्स होता, म्हणजे मूळ मजकूर, माणसानं लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा. कुणीतरी परदेशात बसून लिहिलेला आणि वाटून टाकलेला. त्यात कळा आणि अक्षरं यांची जोडी एका साध्या फायलीत ओळीनं लिहिलेली होती. बदला आणि वापरा.

बाईंनी एका सरकारी कचेरीनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर घेतला. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून त्यावर लिनक्स चढवलं. चपला बाहेर वगैरे काही नाही. शेवेचा नियम मात्र त्यालाही लागू केला.

असा सोर्स आपल्या मशीनवर आपणच बांधून घ्यावा लागतो. बांधण्याआधी 'कॉन्फिगर' नावाची एक यादी चालवायची. लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी येऊन घर बघून जातो ना, चूल कुठे, पातेलं केवढं, पाणी किती, तशी ही यादी मशीनला एकेक गोष्ट विचारत जाते. जे सापडत नाही तिथे अडते आणि एका ओळीत कारण सांगून गप्प बसते. त्या पहिल्या ओळींतच एक प्रश्न असतो, आसपासचं सगळं शुद्धीवर आहे ना? असंच लिहिलेलं असतं इंग्रजीत. ते वाचून बाई मोठ्यानं हसल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "कामाला हात घालायच्या आधी हे विचारणारं मला आज पहिल्यांदा कोणी भेटलं."

पण ते हसू आठवडाभरही टिकलं नाही. पहिल्यांदा अडलं ते कंपायलर नाही म्हणून, म्हणजे मजकुराचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅमच नव्हता. तो दुसऱ्या सीडीवर मिळाला. मग अडलं ते, कंपायलर आहे पण त्याला चालणारी फाइल बनवता येत नाही, असं म्हणून. बाईंनी कंपायलर काढून पुन्हा घातला. पुन्हा तेच. तीनदा घातला. मी म्हटलं, "बाई, सोडा आता. ते बिघडलेलंच असेल."

"बिघडलेलं असतं तर एवढ्या शिस्तीनं नाही म्हणालं नसतं," बाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्या भावाला बूथवरून इंदूरला फोन लावला. मी बाजूला उभी होते. भाऊ काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण बाई "अच्छा, अच्छा" म्हणत राहिल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "ती यादी एक डायरी लिहून ठेवते. लॉग. मला कोणी सांगितलंच नाही. आपण वेड्यासारखे फक्त शेवटची ओळ वाचून राहिलो."

लॉग काहीशे ओळींचा होता. बाईंनी पडद्यावर लाकडी पट्टी धरली, मुलींचे टाइप केलेले कागद तपासताना धरत तशी, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. कळत नव्हतं तेही वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची पट्टी एका ओळीवर थांबली. शेवटच्या ओळीच्या कितीतरी वर, एक लहानशी फाइल सापडत नाही, असं साध्या शब्दांत लिहिलं होतं. डिस्कवर जागा कमी म्हणून सीडीवरचा एक गठ्ठा आम्ही घातलाच नव्हता, त्यातली ती होती. कंपायलरचा काही दोष नव्हता.

त्या दिवसापासून क्लासात नवं वाक्य आलं. "शेवटची ओळ रडते. चूक वर असते." टायपिंगलाही ते लागू होतं. कागदाच्या तळाशी मजकूर तिरका गेला म्हणून मुलगी रडायची, आणि बाई पट्टी वर वर नेत पहिल्या ओळीपाशी थांबायच्या, जिथे कागदच तिरका लावलेला असायचा. घरमालकाशी भांडतानाही त्या हेच करत. तो आजची तक्रार सांगायचा, बाई त्याला सहा महिन्यांपूर्वीच्या गोष्टीपाशी नेऊन उभा करायच्या. माणूस थकून जायचा.

असं एकेक सोडवत तीन आठवड्यांनी तो प्रोग्रॅम उभा राहिला. मग बाईंनी अक्षरांच्या फायलीत टाइपरायटरची मांडणी एकेक ओळ करून भरली. सुनीता नावाची आमची सगळ्यात वेगवान मुलगी, तिला बसवलं. तिचे वडील रामघाटावर पूजेचं सामान विकायचे. सुनीतानं डोळे मिटून एक पाठ असलेला उतारा टाइप केला आणि मग डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. "मैडम, ये तो अपनी मशीन जैसी है," ती म्हणाली. बाईंच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं त्याला समाधान म्हणतात बहुतेक. त्यांच्याकडे ते फार नसायचं म्हणून खात्री नाही.

याच सुमाराला कोठी राजवाड्यातल्या एका सरकारी कचेरीत बाबूंची भरती निघाली. आमच्या सात मुलींनी अर्ज भरले. वर्षभर त्या त्याच तयारीत होत्या. आणि परीक्षा दीड-दोन महिन्यांवर आली असताना कळलं की टायपिंगची चाचणी या वेळी कॉम्प्युटरवर, तीही टायवाल्याच्या त्या कुलपातल्या पॅकेजवर होणार. ज्यांना ते येत नाही त्यांनी त्याच्या सेंटरमध्ये शिकावं.

मुली रडल्या. बाईंनी अर्ज लिहिला, की उमेदवारांना टाइपरायटरची मांडणीही वापरू द्यावी, ते कॉम्प्युटरवर करता येतं, दाखवते. कचेरीतून उत्तर आलं नाही. बाई स्वतः गेल्या. साहेबांनी बसा म्हणायच्या आधीच बसल्या. तिसऱ्या भेटीत साहेब कंटाळून म्हणाले, "ठीक है बहनजी, ले आइए. दिखा दीजिए."

आम्ही तो कॉम्प्युटर टेंपोतून नेला. पडदा गोधडीत गुंडाळून बाईंच्या मांडीवर, सीपीयू माझ्या मांडीवर. रस्ता असा की दर खड्ड्याला तो डबा माझ्या पोटात घुसायचा.

साहेबांच्या खोलीत टायवाला आधीच बसला होता. बाईंनी मशीन जोडलं, सुरू केलं. पडद्यावर सुरुवातीला काहीतरी तक्रार आली, बाईंनी घाईत एक बटण दाबून ती पुढे ढकलली. मग हिंदीत दोन ओळी टाइप करून दाखवल्या. साहेबांनी मान डोलावली.

टायवाला म्हणाला, "सर, ये तो घर का बनाया हुआ है. इसमें क्या भरा है, कौन जाने. अपनी लड़कियों के लिए कुछ सेटिंग कर रखी होगी."

मला राग आला. बाईंना आला नाही. "सवाल सही है," त्या म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. सगळा सोर्स छापून आणला होता. "ये पूरा लिखा हुआ है. जिसको जो लाइन पढ़नी हो, पढ़े. और ये जो बना हुआ है, इसको मैं मिटा देती हूँ. आपके सामने शुरू से बनाऊँगी. फिर इनसे कहिए, ये भी अपना बना के दिखाएँ."

आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी तो चालता प्रोग्रॅम पुसून टाकला. तीन आठवडे लागले होते त्याला.

बाईंनी कॉन्फिगर सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला ते थांबलं. आसपासचं शुद्धीवर आहे का, या प्रश्नापाशीच. टायवाला पुढे वाकला आणि त्यानं ती ओळ साहेबांना हिंदीत वाचून दाखवली. "सर, लिखा है कि जो फाइल अभी बनी, वो पुरानी फाइल से भी पुरानी है." तो हसला. चहा घेऊन आलेला चपराशीही हसला. साहेब म्हणाले, "बहनजी, ये क्या कह रहा है? बच्चा बाप से पहले पैदा हो गया?"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली होती. खरं सांगते, त्या वेळी मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि बाई कधी एकदा 'चल' म्हणतात याची मी वाट बघत होते.

"ठीक कह रहा है," बाई म्हणाल्या. "साहब, आपकी घड़ी में क्या बजा है?"

"ग्यारह बीस."

बाईंनी मशीनला तारीख विचारली. पडद्यावर उत्तर आलं, एकोणीसशे ऐंशी, जानेवारी. मग त्यांनी मशीन बंद केलं, पर्समधून पेचकस काढला आणि साहेबांच्या टेबलावरच डबा उघडला. आत रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते, मशीन बंद असतानाही घड्याळ चालतं ठेवणारी. टेंपोच्या धक्क्यांनी ती खोबणीतून निसटून एका कोपऱ्यात पडली होती. बाईंनी चिमट्यानं उचलली, पदराला पुसली, जागेवर दाबून बसवली.

"इसको लग रहा था कि अभी उन्नीस सौ अस्सी चल रहा है," त्यांनी साहेबांना सांगितलं. "सोर्स बाद का लिखा हुआ है. तो इसने पूछा कि कौन होश में नहीं है."

"हमारे दफ्तर में भी यही चलता है," साहेब म्हणाले आणि पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसले.

बाईंनी तारीख लावली, वेळ लावली, यादी पुन्हा चालवली. या खेपेला ती ओळीमागून ओळ होकार देत खाली गेली. मग बांधणी सुरू झाली. जवळजवळ तासभर चालली. साहेब फायलींवर सह्या करत होते आणि मधूनच मान वर करून धावत्या ओळी बघत होते. टायवाला दोनदा घड्याळ बघून म्हणाला, सर मी येतो. साहेब म्हणाले, बैठिए.

प्रोग्रॅम उभा राहिला तेव्हा साहेबांनी बाईंना बाजूला व्हायला सांगितलं. स्वतः बसले. "मैं भी बाबू से ही यहाँ तक आया हूँ," ते म्हणाले, आणि कीबोर्डकडे न बघता अर्जाचा मायना टाइप केला, सविनय निवेदन है कि. एकही चूक नाही. आपल्याच बोटांकडे ते जरा वेळ बघत बसले. मग टायवाल्याला म्हणाले, "अब आप अपना बना के दिखाइए."

"सर, वो तो कंपनी का सीक्रेट है."

साहेबांनी फाइल भोपाळला पाठवली, आपली शिफारस जोडून. आम्ही जिंकलो असं मी घरी सांगितलंसुद्धा. बारा दिवसांनी भोपाळचं उत्तर आलं. मंजूर झालेलं पॅकेजच वापरलं जाईल. परीक्षेला चोवीस दिवस उरले होते.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "उमेदवारांना वाटायला टायवाल्याच्या कंपनीनं एक पत्रक छापलं होतं ना, कुठल्या कळेवर कुठलं अक्षर, ते आहे तुझ्याजवळ?"

"आहे. पण बाई, त्यांचं पॅकेज आपल्याकडे कुठे आहे?"

"ताला त्यांनी प्रोग्रॅमला लावला आहे. मांडणीला थोडीच लावला?"

दोन दुपारींत त्यांनी शत्रूची सगळी मांडणी आपल्या फायलीत उतरवली. आता आमच्या खिडकीजवळच्या मशीनवर टायवाल्याचा कीबोर्ड चालू झाला, काळ्या डबीशिवाय. पण मशीन एक आणि मुली सात. बाई भैरवगढला गेल्या, छापाच्या एका कारागिराकडे. त्याच्या लाकडी ठशांत एक साधा चौकोन होता, किनारीला वापरायचा. तोच ठसा बाईंनी कापडाच्या तुकड्यांवर ओळींत उठवून घेतला, मोजून कीबोर्डच्या मापानं. कारागिरानं विचारलं म्हणे, ये कौन-सा डिज़ाइन है, बिकेगा नहीं. सात मुलींना सात कापडं दिली आणि चौकोनांत अक्षरं जिनं तिनं आपल्या हातानं लिहायची, असं सांगितलं. मुली ती कापडं टेबलावर पसरून, आवाज नसलेल्या कीबोर्डवर तासन्‌तास बोटं चालवत बसायच्या. मशीनची पाळी आली की उठायच्या. टाइपरायटर झाकून ठेवलेले. क्लास इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

सगळ्यात जड गेलं ते सुनीताला. जिच्या बोटांत जुनी मांडणी सगळ्यात पक्की, तिलाच ती विसरणं कठीण. ती एक दिवस कापड फेकून उठली. "मेरे से नी होगा, मैडम. उँगलियाँ पुरानी जगह पे ही जाती हैं."

"जाने दे. लौटा के ला. सौ बार लौटा," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या सुनीताच्या शेजारी बसू लागल्या आणि स्वतःही कापडावर नवी मांडणी शिकू लागल्या. पस्तीस वर्षं एका जागी पडलेली बोटं होती ती. त्यांच्याही चुका व्हायच्या. सुनीता त्या मोजून सांगायची.

सातपैकी पाच मुली पास झाल्या. सुनीता झाली नाही. मिनिटाला अडीच शब्दांनी राहिली. बाई त्या संध्याकाळी रामघाटावर तिच्या वडिलांच्या दुकानी गेल्या होत्या. काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सुनीता पुन्हा यायला लागली.

आमच्या पाच मुली त्या सेंटरची पायरीही न चढता पास झाल्या, हे टायवाल्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. वकिलाची नोटीस आली. कंपनीची मांडणी चोरली, पंधरा दिवसांत खुलासा करा. मी घाबरले. वडील म्हणाले, तू त्यात पडू नकोस, उद्यापासून जाऊ नकोस. मी गेले.

बाई टाइपरायटरवर उत्तर लिहीत होत्या. हिंदीत होतं, एका पानाचं. आमच्या प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ उघडी आहे. आपण कोणत्याही दिवशी अकरा ते पाचमध्ये यावं आणि आपली कोणती ओळ आम्ही घेतली ते बोट ठेवून दाखवावं. तुलनेसाठी आपलाही मजकूर आणावा. आपल्यासाठी एक महिना खुर्ची राखून ठेवली आहे.

खुर्ची खरंच ठेवली. खिडकीजवळच्या मशीनसमोर, वर पुठ्ठ्याची पाटी, 'निरीक्षण के लिए आरक्षित'. क्लासात गर्दी असली तरी त्या खुर्चीवर कोणाला बसू दिलं नाही. आमचे घरमालक एकदा चुकून बसले तर त्यांनाही उठवलं. टायवाला समोरच्या काचेतून बघायचा. आला नाही. वकील आला नाही. कोणीच आलं नाही.

महिना संपला त्या दिवशी बाईंनी पाटी काढली, फाडली आणि सुनीताला हाक मारली.

"बैठ इधर."

सुनीता भीत भीत बसली. तिला वाटलं, पुन्हा कीबोर्ड. बाईंनी पडद्यावर सोर्स उघडला.

"अब ये सीख. बोटं बहुत हो गईं," बाई म्हणाल्या. रागात किंवा मायेत असल्या की त्यांची हिंदी-मराठी अशी एकमेकींत मिसळायची.

"मैडम, इसमें तो सब अंग्रेजी है."

"तो? टाइपरायटर में सब लोहा था."

त्यांनी तयार प्रोग्रॅम पुन्हा एकदा पुसला आणि सुनीताला कॉन्फिगर चालवायला सांगितलं. आदल्या दिवशी बाईंनी मुद्दाम काहीतरी काढून ठेवलं असावं, कारण पाच-पन्नास ओळी जाताच ते अडलं. सुनीतानं वळून बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा काढून उठल्या आणि मला म्हणाल्या, "चल, चहा पिऊन येऊ."

जिना उतरताना मी म्हटलं, "बाई, ती एकटी आहे. अडली तर?"

"अडलीच आहे," बाई म्हणाल्या. "आपण बसलो तर सुटणार नाही."

आम्ही त्या दिवशी दोन-दोन कप चहा प्यायलो.